नर्मदेची साद, केरळची प्रार्थना आणि पिंगुळीचा हुडूक

2000 साली टाइम्स म्युझिकने दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचा ‘कंदिसा’ हा अल्बम बाजारात आणला. गाणी मोजून सात. एक नर्मदाकाठच्या लोकांनी नदीला घातलेली साद, एक गोरख पांडे या क्रांतिकारी कवीचं भोजपुरी गीत, आणि अल्बमला ज्याचं नाव मिळालं ते गाणं तर सीरियाक भाषेतलं. कॅसेट विकत घेणाऱ्यांत ती भाषा कळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील. पाठीशी सिनेमा नव्हता, पडद्यावर नाचायला नट-नटी नव्हते. तरीही ‘कंदिसा’ गाजला. त्याने ‘इंडियन ओशन’ला देशभर नाव मिळवून दिलं आणि पंचवीस वर्षांनंतरही लोकसंगीत व रॉक यांच्या मेळाचा विषय निघाला की पहिलं नाव त्याचंच घेतलं जातं.

या अल्बममध्ये कोकणचा सूर नाही. पण त्याने जो प्रश्न सोडवून दाखवला, तो आज सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळी गावालाही लागू आहे. पिंगुळीच्या गुढीपूर वाडीत ठाकर समाजाची वस्ती आहे. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ या कला तिथल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. या खेळांना स्वतःचं गाणं आहे, स्वतःची वाद्यं आहेत. दुसरीकडे महाराष्ट्रातल्या तरुण बँडांना लोकसंगीताची ओढ लागली आहे. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ संतांचे अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीने गातो आणि त्याच्या कार्यक्रमाला कॉलेजची मुलं गर्दी करतात. असा एखादा बँड उद्या गुढीपूरला आला, तर त्याने काय करावं आणि काय टाळावं? ‘कंदिसा’ कसा घडला हे पाहिलं, की याचं बरंचसं उत्तर हाती लागतं.

चौघांची मोट

1990चं दशक सिनेमाबाहेरच्या गाण्यांचं होतं. उपग्रह वाहिन्या घरोघरी पोचल्या आणि गाण्याला चित्रफितीची जोड मिळाली. 1995 मध्ये अलिशा चिनॉय यांचं ‘मेड इन इंडिया’ आलं. पुढच्या वर्षी हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचे ‘कलोनिअल कझिन्स’ आले, लकी अली यांचं ‘सुनो’ आलं. पाकिस्तानातल्या ‘जुनून’ने सूफी काव्याला इलेक्ट्रिक गिटारची साथ दिली आणि त्या बँडची गाणी वाघा ओलांडून इकडे गाजली. 1998 मध्ये दिल्लीच्याच ‘युफोरिया’चं ‘धूम’ घराघरांत वाजू लागलं.

‘इंडियन ओशन’ या लाटेच्या आधीपासून वाजवत होता. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांची गाठ 1984 मध्ये पडली. सुस्मित यांच्या हातात गिटार, पण बोटं रागसंगीताकडे ओढ घेणारी. असीम तबला वाजवायचे आणि वाजवता वाजवता गायचे. हे वाटतं तितकं सोपं नाही. तबल्याचे बोल एका लयीत चालवायचे आणि गळ्यातून निघणारी ओळ तिच्या स्वतःच्या श्वासाने जाऊ द्यायची, ही दोन कामं भल्याभल्यांना एका वेळी जमत नाहीत. 1990 मध्ये बँड उभा राहिला. ‘इंडियन ओशन’ हे नाव सुस्मित यांच्या वडिलांनी सुचवलं. 1991 मध्ये राहुल राम बेस गिटार घेऊन आले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला हा माणूस. 1993 मध्ये एचएमव्हीने बँडचा पहिला अल्बम काढला. 1994 मध्ये अमित किलम ड्रमवर बसले आणि चौकडी पुरी झाली.

मग 1 जानेवारी 1997. रंगकर्मी सफदर हाश्मी यांच्यावर 1989 साली याच तारखेला पथनाट्य सुरू असताना हल्ला झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं निधन झालं. त्यांच्या स्मरणार्थ ‘सहमत’ ही संस्था दिल्लीत दर वर्षी कलावंतांना एकत्र आणते. त्या दिवशी ‘इंडियन ओशन’ने तिथे जे वाजवलं, तेच ध्वनिमुद्रण ‘डेझर्ट रेन’ नावाने बाहेर पडलं. रंगमंचावरचं थेट संगीत, जसं झालं तसं.

‘कंदिसा’ त्यानंतरचा, आणि तो स्टुडिओत घडलेला. स्टुडिओ अल्बमचं काम वेगळ्या शिस्तीचं असतं. तिथे प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज स्वतंत्र पट्टीवर मुद्रित करता येतो. एखादी ओळ मनासारखी येईपर्यंत पुन्हा गाता येते. कुठला आवाज पुढे आणायचा, कुठला मागे सारायचा, दोन गिटारांमध्ये किती मोकळी जागा ठेवायची, हे नंतर बसून ठरवता येतं. या सोयीत एक धोकाही आहे. हाताशी इतकं काही असलं की माणूस भर घालत सुटतो. ‘कंदिसा’ ऐकताना जाणवतं ते उलट: चौघांनी स्टुडिओचा उपयोग आवाज कमी ठेवण्यासाठी केला. प्रत्येक वाद्य ओळखू येतं, प्रत्येकाला श्वास घ्यायला जागा आहे.

नदीकाठचं गाणं

अल्बममधलं ‘मा रेवा’ मराठी माणसाच्या जवळचं आहे. रेवा म्हणजे नर्मदा. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत मराठी वाचकाने ही नदी पुस्तकांतून पायी तुडवली आहे. पण परिक्रमेच्या पुस्तकांत न मावणारी एक नर्मदा महाराष्ट्रात आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून ती सुमारे 54 किलोमीटर वाहते. तिच्या काठावर अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत भिल्ल आणि पावरा आदिवासींची गावं होती. सरदार सरोवर धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा महाराष्ट्राच्या बाजूने आधी बुडालं ते मणिबेली. 1993चा पावसाळा होता. धरणाने राज्यातली 33 गावं बाधित झाली.

धरणाविरुद्धच्या नर्मदा बचाओ आंदोलनाच्या त्या धामधुमीच्या वर्षांत राहुल राम खोऱ्यात कार्यकर्ते म्हणून वावरत होते. मोर्चे, बैठका, गावोगावची पायपीट, आणि या सगळ्याला लागून येणारी गाणी. आंदोलनात गाणं हे कामाचंच एक अंग असतं. मुक्काम पडला की गाणं होतं, पोलीस अडवतात तेव्हा रस्त्यावर बसून गाणं होतं. नदीकाठची माणसं नदीला आई म्हणून हाक मारतात ते गाणं राहुल राम तिथे शिकले. ते थेट स्टुडिओत गेलं नाही. खोऱ्यातल्या दिवसांनंतर ‘कंदिसा’ बाहेर यायला काही वर्षं जावी लागली, आणि तोवर ते गाणं त्यांच्या अंगात भिनलं होतं.

म्हणून ‘मा रेवा’ ऐकताना ते उसनं वाटत नाही. बेसचा एक छोटासा फेरा पुन्हा पुन्हा फिरत राहतो, ठेका स्थिर चालतो आणि त्यावर आवाज मोकळा सुटतो. गाणाऱ्याला घाई नाही. गाव पाण्याखाली जाणार हे माहीत असलेल्या माणसांकडून आलेल्या या गाण्यात रडगाणं मुळीच नाही. नदीवरचा जीव आणि तिच्यावरचा हक्क, दोन्ही त्यात उभे आहेत.

‘कंदिसा’ या शीर्षकगीताची वाट आणखी लांबची. केरळातले सेंट थॉमस ख्रिस्ती आपली परंपरा येशूच्या शिष्यापर्यंत नेतात. त्यांच्या चर्चमधली उपासना शतकानुशतकं सीरियाकमध्ये चालत आली. येशू बोलत असे त्या अरामी भाषेचीच ही शाखा. 1962 मध्ये सिरो-मलबार चर्चने उपासना मल्याळममध्ये आणली, आणि जुनी सीरियाक स्तवनं हळूहळू वडीलधाऱ्यांच्या तोंडी उरली. ‘कंदिसा’ हे असंच एक स्तवन: देवाच्या पावित्र्याचा गजर आणि दयेची याचना. बँडने ते संथ, दबक्या सुरात सुरू केलं आणि हळूहळू चढवत नेलं. शेवटाकडे ड्रम आणि गिटार पूर्ण ताकदीने येतात तेव्हा ऐकणाऱ्याला शब्द न कळताही आर्तता पोचलेली असते. वारीत शेकडो टाळ एका लयीत चढताना ज्याने ऐकले आहेत, त्याला हा चढ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

‘हिल्ले ले’चा बाज पुन्हा निराळा. गोरख पांडे यांनी शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी भोजपुरीत लिहिलेलं हे गीत सभांमधून, मोर्च्यांमधून लोकांच्या तोंडी बसलं होतं. 1989 मध्ये कवी गेला, गाणं उरलं. बँडने त्याचा रांगडेपणा तसाच ठेवला.

तिन्ही गाण्यांत एक गोष्ट समान आहे. ती ज्यांची होती, त्यांच्या जगण्यात या गाण्यांना काम होतं. कुणी त्यांतून नदीला हाक मारत होतं, कुणी देवाला आळवत होतं, कुणी जमीनदाराला आव्हान देत होतं. बँडने ते काम गाण्यातून काढून घेतलं नाही. फ्यूजन म्हटलं की अनेकदा लोकगीताला गिटारची फोडणी घातली जाते आणि ताट वाढलं जातं. ‘कंदिसा’त गिटारने आधी गाण्याचं ऐकून घेतलं आहे.

आधारसूर, तार आणि जॅमिंग

हे संगीताच्या पातळीवर कसं साधलं, ते समजून घेण्यासारखं आहे. आपलं बहुतेक लोकसंगीत एका आधारसुरावर उभं असतं. तुणतुणं, एकतारी, वीणा, पेटीचा धरलेला सूर यांपैकी काही तरी तो षड्ज सतत वाजता ठेवतं आणि गाणारा त्याच्याभोवती फिरतो. पाश्चात्त्य रॉकची चाल वेगळी. तिथे गिटारवर कॉर्ड, म्हणजे तीन-चार सुरांचा एकत्र झंकार, वाजतो आणि ओळीगणिक तो बदलत जातो. लोकगीताखाली असे बदलते कॉर्ड सरसकट घातले, की चाल त्यांच्या ओढीने वाकते. गाणं ओळखू येतं, पण त्याचा कणा सरकलेला असतो. ‘इंडियन ओशन’ने बऱ्याच ठिकाणी बेस आणि गिटारला आधारसुराचं काम दिलं. एक छोटी सुरावट धरायची, तिला लयीत फिरवत ठेवायचं आणि वर आवाजाला मोकळीक द्यायची. त्यामुळे वाद्यं परकी असूनही गाण्याचं घर बदलत नाही.

तबला आणि ड्रम शेजारी बसवणं हेही कौशल्याचं काम. ड्रमचा आवाज मोठा, तबल्याचा नाजूक. दोघांनी तेच वाजवलं तर तबला बुडतो. असीम चक्रवर्ती आणि अमित किलम यांनी जागा वाटून घेतल्या: एक लय भरतो तेव्हा दुसरा जागा रिकामी ठेवतो.

अमित किलम आणखी एक वाद्य वाजवतात, गबगुबी. मराठी वाचकाने हे वाद्य नावाने ऐकलं नसेल, पण त्याच्या चुलत भावाला तो चांगला ओळखतो: यल्लम्माच्या जोगत्यांच्या काखेतलं चौंडकं. लाकडी पोकळ नळकांडं, एका तोंडावर ताणलेलं चामडं, चामड्याच्या मधोमध ओवलेली तार. नळकांडं काखेत दाबायचं, तारेचं मोकळं टोक मुठीत धरून ताणायचं आणि दुसऱ्या हाताने तार छेडायची. मूठ पुढे-मागे झाली की सूर वर-खाली होतो. तालवाद्य आणि तंतुवाद्य एकाच वस्तूत. अमित यांनी ते रॉक बँडच्या ड्रमसंचाशेजारी ठेवलं, आणि ते तिथे शोभेची वस्तू झालं नाही.

बँडची रचना करण्याची रीतही सांगायला हवी. चौघं एकत्र बसत, कुणी एखादी सुरावट वाजवी, बाकीचे तीत शिरत, आणि तासन्‌तास वाजवता वाजवता गाणं आकार घेई. रॉकवाले याला जॅमिंग म्हणतात. सिंधुदुर्गात ही कल्पना समजायला अजिबात जड नाही. दशावताराच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं, कोण कुठलं पात्र करणार ते ठरतं, आणि रात्री रंगमंचावर संवाद तिथल्या तिथे जन्माला येतात. पायपेटी, मृदंग आणि झांज यांना नटाच्या शब्दावर कान ठेवून साथ करावी लागते. युद्ध किती वेळ चालणार, राजा कुठे गाणं घेणार, हे मृदंगवाल्याला आधी सांगितलेलं नसतं. ही साथ वर्षानुवर्षांच्या सोबतीतून येते. ‘कंदिसा’तला चौघांचा मेळही तशाच सोबतीतला आहे.

गुढीपूरच्या अंगणात

पिंगुळी मुंबई-गोवा महामार्गावर आहे, कुडाळपासून अगदी जवळ. इथल्या ठाकर कलावंतांना पूर्वी सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. देवळांत उत्सवाच्या रात्री त्यांचे खेळ होत. राजाश्रय गेला, करमणुकीची साधनं बदलली, आणि खेळ मागे पडत चालले. अशा काळात परशुराम विश्राम गंगावणे यांनी हा वारसा धरून ठेवला. 2006 मध्ये त्यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं: ठाकर आदिवासी कला आंगण. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि ज्या खेळाला लोक विसरत चालले होते त्याचं नाव पुन्हा सगळीकडे घेतलं गेलं.

चित्रकथीचा खेळ जवळून पाहिला की त्यातलं संगीत कशाला बांधलेलं आहे ते कळतं. कथेचे प्रसंग कागदावर रंगवलेले असतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एका पानाला दोन्ही बाजूंनी प्रसंग. अशा पानांचा संच म्हणजे पोथी, आणि एका पोथीत रामायण-महाभारतातली एक कथा. सूत्रधार पान उभं धरतो, त्यातल्या पात्रांकडे बोट करतो, गातो, बोलतो, पात्रांचे आवाज काढतो. वीणेचा सूर चालू असतो, टाळ वाजत असतो, आणि हुडूक घुमत असतो. हुडूक डमरूच्या घाटाचं, मधे बारीक आणि दोन्ही तोंडांना चामडं मढवलेलं. दोऱ्यांवरचा दाब वाढवला-घटवला की त्याचा सूर बदलतो. प्रसंग युद्धाचा असेल तर हुडूक वेगळा बोलतो, शोकाचा असेल तर वेगळा. साथीदार सूत्रधाराला होकार देतात, प्रश्न विचारतात, ओळ झेलतात. पान उलटलं की चाल बदलते.

म्हणजे इथे सूर, चित्र आणि कथा यांची गाठ घट्ट आहे. त्यातून हुडुकाचा दहा सेकंदांचा तुकडा मोबाइलवर मुद्रित करून नेणं आणि संगणकावर त्याचा फेरा बनवून गाण्याखाली टाकणं आज एका दुपारचं काम आहे. त्या तुकड्याला आवाज असेल, पण तो कुठल्या प्रसंगाचा, कुणाच्या हातचा, का तसा वाजला, यातलं काहीच त्यात उरणार नाही. हुडूक अल्बममध्ये यावा, जरूर यावा. पण तो वाजवणाऱ्या हातांसकट यावा, आणि ज्या पानावर तो तसा वाजतो ते पान गाणाऱ्याने पाहिलेलं असावं. राहुल राम नर्मदेच्या खोऱ्यात राहिले होते. पिंगुळीत येणाऱ्या बँडने निदान एक पोथी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बसून ऐकली पाहिजे.

याच किनाऱ्यावर खाली उतरलं की आणखी एक उदाहरण भेटतं. गोव्यातल्या शिवोलीचे रेमो फर्नांडिस. मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुशास्त्र शिकलेले, युरोप भटकून आलेले. 1984 मध्ये त्यांनी ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम स्वतःच्या घरी, साध्या चार पट्ट्यांच्या कॅसेट-यंत्रावर मुद्रित केला. गाणी स्वतः लिहिली, वाद्यं स्वतः वाजवली, आवाज स्वतःचे, आणि कॅसेट स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवल्या. गोव्याच्या माणसांवर, गोव्याच्या प्रश्नांवर गाणी, आणि संगीतात रॉकइतकाच पोर्तुगीज व कोकणी वळणाचा मुक्त वावर. मोठी कंपनी आणि महागडा स्टुडिओ नसतानाही अल्बम उभा राहू शकतो, हे त्यांनी इथेच, या लाल मातीत दाखवलं. 2007 मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली. आज चार पट्ट्यांच्या त्या यंत्रापेक्षा कितीतरी अधिक सोयी कुडाळ-सावंतवाडीच्या कॉलेजातल्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये आहेत.

नाव आणि मोबदला

सोयी वाढल्या तसा एक जुना अन्यायही सोपा झाला. जगाला त्याचा मोठा धडा 1992 मध्ये मिळाला. ‘डीप फॉरेस्ट’ या फ्रेंच जोडगोळीचं ‘स्वीट ललबाय’ हे गाणं जगभर गाजलं. त्याच्या गाभ्याशी एका बाईचा आवाज होता. ती होती अफुनाक्वा, प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवरची. ह्यूगो झेम्प या संगीत-अभ्यासकाने 1970च्या सुमारास तिची अंगाई मुद्रित केली होती आणि ती युनेस्कोच्या संग्रहात प्रसिद्ध झाली होती. तिथून उचललेला तुकडा नृत्यगीतात गेला, जाहिरातींत गेला, आणि तिच्यापर्यंत त्याचा मोबदला गेला नाही. झेम्प यांनी याविरुद्ध जाहीरपणे लिहिलं.

हे परदेशातच घडतं असं नाही. लोकगीताला लेखक नसतो, त्यामुळे कॉपीराइटच्या कायद्यात त्याच्या शब्दांवर आणि चालीवर एका कुणाची मालकी सांगता येत नाही. ‘पारंपरिक’ असा एक शब्द छापला की अनेकांना आपलं काम संपलं असं वाटतं. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला कायद्याने हक्क दिले आहेत. 1957च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात 1994च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणाला संरक्षण मिळालं, त्याच्या संमतीशिवाय ते मुद्रित करता येत नाही. 2012च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातून रॉयल्टीचा हक्क जोडला. 2013 मध्ये गायकांनी स्वतःची हक्कसंस्थाही उभी केली. म्हणजे चाल पारंपरिक असली, तरी ती ज्याने आज माइकसमोर वाजवली त्याचा हक्क आजचा आहे. गावातल्या किती कलावंतांना हे कुणी समजावून सांगितलं आहे? बँडने स्टुडिओचे तास ठरवताना हा कागदही मराठीत, समजेल अशा भाषेत समोर ठेवायला हवा.

ज्यांच्यावरून हा विषय निघाला, त्या ‘इंडियन ओशन’ची पुढची वाटचालही सोपी नव्हती. अनुराग कश्यप यांच्या ‘ब्लॅक फ्रायडे’चं संगीत त्यांनी केलं. 1993च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा हा चित्रपट न्यायालयात अडकला आणि 2007 मध्ये प्रदर्शित झाला, पण त्यातलं ‘बंदे’ त्याआधीच लोकांच्या ओठी होतं. 25 डिसेंबर 2009 रोजी असीम चक्रवर्ती गेले. 2010 मध्ये बँडने ‘16/330 खजूर रोड’ हा अल्बम दर महिन्याला एक गाणं याप्रमाणे इंटरनेटवर फुकट दिला. करोलबागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते सराव करत, त्याचाच तो पत्ता. त्याच वर्षी जयदीप वर्मा यांचा ‘लीव्हिंग होम’ हा बँडवरचा माहितीपट चित्रपटगृहांत आला. त्याचं नावही ‘कंदिसा’तल्या एका गाण्यावरून घेतलेलं. 2013 मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. राहुल राम आणि अमित किलम यांनी नव्या साथीदारांसह बँड चालू ठेवला, आणि ‘मसान’सारख्या चित्रपटाला संगीत दिलं. माणसं बदलली, तरी कार्यक्रमात ‘मा रेवा’ आणि ‘कंदिसा’ची फर्माईश अजून होते.

पिंगुळीच्या वाट्याला असा अल्बम यावा अशी इच्छा बाळगायला हरकत नाही. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी फार महाग नाहीत. बँडने आधी शिष्य म्हणून यावं आणि शिकवण्याचे पैसे गुढीपूरच्या कलावंतांना द्यावेत. मुद्रणाआधी निदान एक मोसम एकत्र बसून वाजवावं, म्हणजे हुडूक आणि ड्रम एकमेकांना ओळखू लागतील. मुद्रणाचा मोबदला वेगळा आणि रॉयल्टीचा वाटा लेखी असावा. मूळ मुद्रणाची एक प्रत कला आंगणाच्या संग्रहात राहावी, म्हणजे तिथल्या मुलांना आपल्या आजोबांचा हात ऐकता येईल. आणि गाण्याच्या नामावलीत, मग ती सीडीच्या वेष्टनावर असो की स्ट्रीमिंग ॲपवर, हुडूक, वीणा आणि टाळ वाजवणाऱ्यांची पूर्ण नावं त्यांच्या गावासकट, गिटारवादकाच्या नावाच्या ओळीतच लिहिलेली असावीत.